सतराव्या मैलावर थांबा, म्हणायचीस

इंदू,

तेरावं आटोपलं. माणसं आपापल्या गावी गेली. जाताना दारात उभं राहून प्रत्येकानं तेच सांगितलं, "काय जोडी होती तुमची! दर रविवारी फटफटीवर निघायचे, राजा-राणीसारखे." तुझ्या राळेगावच्या वहिनी तर डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आमच्या इंदूताईनं जेवढं जग पाह्यलं तेवढं आमच्या खानदानात कोण्या बाईनं पाह्यलं नाही." जग म्हणजे यवतमाळ ते आर्णी, यवतमाळ ते कळंब आणि एकदा ढाणकी. मी मान हलवत राहिलो. मान हलवणं मला किती चांगलं जमतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

जोडी होती खरी. आठ वर्षं आपण एकाच रस्त्यानं, एकाच गाडीवर, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत हिंडलो. माझं लपवणं मला ठाऊक होतं. तुझं मला गेल्या बुधवारी कळलं. तुला जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते.

म्हणून लिहितो आहे. बोलायचं ते बोलायच्या वेळी बोललो नाही, आता कागदाला सांगतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कागदाले कायले सांगता? थो काय भुंकणार हाये?"

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या साली आमच्या खात्यात नुसती पळापळ होती. जबलपूरकडचे आमचे साहेब तिकडे परत निघाले आणि जाताना मिलिटरीच्या लिलावातली आपली फटफटी माझ्या अंगणात सोडून गेले. "ओव्हरसियर, सड़क तुम्हारी, गाडी भी तुम्हारी," म्हणाले. आळीतले सगळे बघायला जमले. तू कुंकू लावलंस, नारळ फोडलास आणि पदर खोचून विचारलंस, "मी कुठं बसू?" तोवर तू बसशील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी कापसाच्या जिनाच्या मॅनेजरच्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यातलं सगळ्यात बारकं तू पदराखाली झाकून आणलंस. पांढरं, गोल, ओंजळीत मावेल एवढं. मी विचारलं, "हे काय आणलंस?" तू म्हणालीस, "दिसत नाही का? बत्तासा हाये." तेच त्याचं नाव पडलं. तो पुढेही फारसा वाढला नाही. माझ्या कॅनव्हासच्या पिशवीला, जिच्यात मी टेप आणि मोजमापाच्या वह्या ठेवायचो, तू एका दुपारी पायांसाठी दोन भोकं पाडलीस. मी ओरडलो, "अगं, खात्याची पिशवी आहे ती!" तू दातानं दोरा तोडत म्हणालीस, "खात्याले लिहून कळवा, टेपाले पाय फुटले म्हणून."

ती पिशवी गळ्यात अडकवून, बत्ताशाचं तोंड पुढं, कान वाऱ्यावर, अशी तू माझ्या मागं बसायचीस. गावाबाहेर पडेपर्यंत पोरं धावायची, "कुत्रेवाली बाई! कुत्रेवाली बाई!" तू हात हलवायचीस. मी पुढं मान ताठ करून चालवत राहायचो, जणू मागच्या दोघांशी माझा संबंध नाही.

माझ्याकडे आर्णी रस्ता होता. दर मैलाला एक मैलकुली. त्या मैलातले खड्डे, मोऱ्या आणि कडेची झाडं त्याच्या अंगावर, आणि ते सगळे मैलकुली माझ्या अंगावर. रविवारी सुट्टी असली तरी मी तुला त्याच रस्त्यानं न्यायचो, कारण फिरायला म्हणून दुसरा रस्ता मला सुचतच नव्हता. लोक बायकोला बागेत नेतात. मी तुला गिट्टीचे ढीग दाखवायचो. तू तेही आवडीनं बघायचीस. "अजी, हा ढीग मागच्या रविवारपेक्षा लहान दिसून राह्यला. ठेकेदाराले पकडा." सोमवारी फर्मा लावून मोजलं की तुझंच बरोबर निघायचं.

सतराव्या मैलाला मोहाचं मोठं झाड होतं आणि शेजारी दगडी मोरी. आपला चहाचा थांबा तिथं. थर्मासमधला चहा, तुझी कोथिंबिरीची सांबारवडी, तिखटमिठाच्या पुऱ्या. तिथला मैलकुली थावरा. जातीचा बंजारा, आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडलेले, आणि हा बिचारा एका मैलात अडकलेला. त्याची बायको जमनी तांड्यावरून खाली यायची. तांडा रस्त्यापासून आत, टेकाडामागं, दोनेक फर्लांगांवर. तिच्या कपड्यांवरच्या आरशांवर बत्तासा तुटून पडायचा, कारण प्रत्येक आरशात त्याला एकेक कुत्रं दिसायचं. जमनी पोट धरून हसायची. "हे कुत्रं नोहे बाई, उंदीर व्हय!" पुढं ती तुला याडी म्हणायला लागली. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती पहिल्यांदा तसं म्हणाली तेव्हा तू चहाचा पेला खाली ठेवलास आणि उगाच पुरीचा डबा पुसत बसलीस. मला ते दिसलं होतं.

तुला फटफटी शिकायची होती. त्यावरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, लोक काय म्हणतील. तू म्हणायचीस, "लोकं तं आत्ताही म्हणून राह्यले. थोडं आणखी म्हणतीन." एकदा अरुणावतीकडच्या सरळ रस्त्यावर तू ऐकलंच नाहीस. मी मोरी तपासायला उतरलो होतो, गाडी चालूच होती. तू पाचवारी गुडघ्याशी खोचलीस, बत्ताशाला गळ्यात अडकवलंस आणि निघालीस. मी ओरडत मागं धावतो आहे, माझा एक बूट निसटलेला, आणि पुढं तू डुलत डुलत चाललीस, बत्तासा आनंदानं भुंकतो आहे. दोन फर्लांगांवर तू शेतात घुसलीस आणि पऱ्हाटीत आडवी झालीस. मला वाटलं, संपलं. जवळ गेलो तर दोघंही ठणठणीत. तू कापसाची बोंडं केसांतून काढत म्हणालीस, "थांबवायचं कसं, थे तुम्ही शिकवलंच नाही ना!"

आणि ढाणकी. चेन तुटली, आणि एका गाडीवानानं फटफटी बैलगाडीत चढवून घेतली. तू वर फटफटीवरच बसलीस. बत्तासा गाडीवानाच्या शेजारी उभा राहून बैलांना हुकूम सोडत होता. वाटेतल्या गावात वरात समजून एक म्हातारी ओवाळायला आली. मी गाडीमागून चालत होतो आणि त्या दिवशी मी हसलो होतो, मोठ्यानं. तुला आठवत असेल. मला तर आठवतंच, कारण मोजून सांगता येईल इतक्याच वेळा मी तसा हसलो.

तोही मला आवडायचा, इंदू. बत्तासा. हे मी तुला कधी कळू दिलं नाही. तू आंघोळीला गेलीस की मी त्याला मांडीवर घ्यायचो.

मग मी असं का केलं?

लग्नाला बारा वर्षं झाली होती. आपण त्याबद्दल बोलायचं सोडून दिलं होतं, पण गावानं सोडलं नव्हतं. पोस्टमास्तरांच्या नातवाच्या बारशाला आपण गेलो. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात. आतून एक खडा आवाज आला, "इंदूबाई, आता तुमच्या बत्ताशाचंही बारसं उरकून टाका!" हशा झाला. तू लगेच म्हणालीस, "केव्हाच झालं बाई. तुम्ही आल्या नाही, तुमचा पेढा त्यानंच खाल्ला." पुन्हा हशा, या वेळी तुझ्या बाजूचा. येताना तू घुगऱ्यांचा द्रोण हातात घेऊन मजेत चालत होतीस. आणि मी, जो ओसरीवर बसून सुपारी कातरत होतो आणि ज्याला कोणी काही म्हटलंही नव्हतं, तो आतल्या आत जळत होतो.

त्यानंतर डाकबंगला. नवे साहेब पश्चिमेकडून बदलून आलेले. तपासणी नेमकी रविवारी निघाली म्हणून मी तुलाही नेलं. तू मागच्या व्हरांड्यात होतीस. बत्तासा सुटला, जेवणाच्या खोलीत आला आणि साहेबांच्या बुटावर डोकं ठेवून झोपला. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "ओव्हरसियर, लेकरू गोड आहे हो तुमचं. बापावर गेलंय." ठेकेदार हसला, मुकादम हसला, खानसामा हातातला वाडगा सावरत हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत माझं नाव पडलं, बत्ताशाचा बाप. प्यून फाइल ठेवताना तोंड फिरवून घ्यायचा. हे मी तुला घरी येऊन सांगितलं असतं, तर तू त्यावरही काहीतरी म्हणाली असतीस आणि ते तिथंच संपलं असतं. मी सांगितलं नाही. मी ते सहा महिने सांभाळलं.

वडिलांच्या श्राद्धाला तू राळेगावला गेलीस. तिथं सोवळं, त्यात कुत्रं कुठं चालणार? एस.टी.तही घेणार नव्हते. त्याला माझ्यावर सोपवताना म्हणालीस, "दुधात भाकर कुस्करून द्या. अन् त्याच्याशी बोलत जा जरा. कोणी बोललं नाही तं थो उदास होते." मला त्या क्षणी कुत्र्याचा हेवा वाटला. हेही लिहून टाकतो.

मंगळवारी सकाळी मी पिशवी उघडली. तो स्वतःच उडी मारून आत बसला. त्याला वाटलं, रविवार आला.

थावरा कामावर गेला होता. तांड्यावर जमनी दारात होती. मी म्हटलं, "हा ठेव. बाईला कळू द्यायचं नाही. रविवारी आमच्या गाडीचा आवाज आला की आत बांधून टाकायचा." तिनं एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मैलकुलीच्या बायकोनं ओव्हरसियरला काय बोलावं? तिनं हात पुढं केले. परत येताना रिकामी पिशवी माझ्या छातीवर आपटत होती. मी ती माळ्यावर टाकली, टेपासाठी दुसरी घेतली.

तू आलीस. उंबऱ्यातच विचारलंस, "बत्तासा कुठं हाये?" मी तयारी करून ठेवली होती. "कामावर नेला होता. पिशवीतून उडी मारली आणि पळाला."

"कुठं?"

आणि इथं माझी नोकरी आडवी आली. कितीतरी वर्षं मी कुठल्याही गोष्टीचा ठिकाणा मैल-फर्लांग जोडल्याशिवाय सांगितला नव्हता. खड्डा असो, उन्मळलेलं झाड असो, मेलेली म्हैस असो. तोंडातून निघून गेलं, "सतरावा मैल, दुसरा फर्लांग, मोरीच्या डाव्या अंगाला." खोटं बोलताना खरा पत्ता सांगणारा माणूस आमच्याच खात्यात निपजायचा.

दुसरी चूक त्याहून मोठी. मी 'मेला' म्हटलं नाही. तू रडली असतीस, महिनाभर जेवली नसतीस आणि कधीतरी उठली असतीस. मला वाटलं, 'पळाला' म्हणणं दयेचं आहे. तो शब्द बोललो आणि सहा वर्षांचे रविवार त्याच्यापायी गेले.

"अजी, सतराव्या मैलावर थांबा." मी थांबायचो. तू मोरीवर उभी राहून हाका मारायचीस, "बत्ताशाऽऽ, ए बत्ताशाऽऽ!" मग माझ्याकडे वळून म्हणायचीस, "इंजन बंद करा ना ते. काही ऐकू येत नाही." मी म्हणायचो, "बंद केली तर लवकर चालू होत नाही. किक लागत नाही." दर रविवारी तू हेच म्हणायचीस आणि दर रविवारी मी हेच. तिसऱ्या की चौथ्या रविवारी वारा तांड्याकडून होता. तू हाक मारलीस आणि लांबून, टेकाडामागून, बारीक चिरका आवाज आला. एकदा, मग पुन्हा पुन्हा. मी ॲक्सिलरेटर पिळला. फटफटी नुसती गरजली. तू माझ्याकडे पाहिलंस. टेप ताणून आकडा वाचताना मी जसा बघतो तसं काहीतरी होतं त्या बघण्यात. मग पदर सावरून मागं बसलीस. "चला," म्हणालीस.

घरी तू खोदून खोदून विचारायचीस. कधी भाजी निवडताना, कधी उटणं कालवताना.

"पिशवीतून उडी मारली तं लागलं असन ना त्याले?"

"नाही."

"मंग तुम्ही त्याच्या मांग धावले नाही काहून?"

"धावलो."

"किती?"

"दोन फर्लांग."

"बूट निसटला का?"

"माह्या मांग तं बूट निसटला होता तुमचा," तू म्हणायचीस, आणि भाजी निवडायला लागायचीस.

मला वाटायचं, हिच्या मनावर परिणाम झाला आहे. मला तुझी कीव यायची, इंदू. कीव! मित्राला मी म्हणालोसुद्धा, "बाई जरा हळवी झाली आहे. दर रविवारी फिरवून आणतो, तेवढंच बरं वाटतं तिला." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. चांगला नवरा म्हणून माझं नाव झालं ते त्या रविवारांमुळं.

मग वरून हुकूम आला. मैल गेले, किलोमीटर आले. मीच उभा राहून जुने दगड उपटवले आणि नवे रोवले. त्या रविवारी तू मोरीवरून इकडं तिकडं पाहिलंस. "सतरावा मैल कुठं गेला?"

"आता मैल नाहीत. हे सत्तावीस किलोमीटरच्या पुढं झालं."

"बरं केलं तुमच्या खात्यानं. तुम्हाले सोपं झालं."

"काय सोपं झालं?"

"काही नाही. थांबायचं तं इथंच हाये ना? मंग थांबा."

आणखी दोन वर्षं असंच चाललं. मग एका रविवारी, ऐन थंडीत, मोहाचं झाड आलं आणि तू थांबा म्हणाली नाहीस. मी वेग कमी केला. तू म्हणालीस, "चलू द्या." पुढल्या रविवारी तेच. मला हायसं वाटलं. मी समजलो, विसरली. घरी येताना मी तुला गजरा घेतला, तू तो मुकाट्यानं माळलास. त्यानंतरची दोन वर्षं मला आपल्या संसारातली सगळ्यात सुखाची वाटली. आर्णीला एका ओळखीच्याकडे हुरड्याला गेलो, कळंबला गेलो, तू कमी बोलायचीस, मी तर बोलत नव्हतोच. मला वाटायचं, आता कुठं आपलं जमलं.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात, दुपारची वेळ, खिडकीला ओला वाळ्याचा पडदा लावलेला. कावीळ डोळ्यांत उतरली होती तुझ्या. तू माझा हात धरलास, जे तू कधी चारचौघांत केलं नव्हतंस. म्हणालीस, "अजी, तुम्हाले काही सांगायचं राह्यलं असन तं सांगून टाका."

मी म्हटलं, "काही नाही. बोलू नकोस, थकशील."

तू भिंतीकडे तोंड केलंस. "मी नाही थकली. तुम्हीच थकले."

ते शेवटचं म्हणता येणार नाही. नंतर पाणी मागितलंस, उशी सरकवायला सांगितलीस. पण मला बोललेलं शेवटचं तेच.

बुधवारी मी फटफटी काढली. वहिनी तेव्हा अजून इथंच होत्या; म्हणाल्या, अजून महिना झाला नाही, कुठं निघाले? मी म्हटलं, काम आहे. मला इतकंच करायचं होतं की तांड्यावर जाऊन तो जिवंत असेल तर घरी आणायचा. हिशेबानं म्हातारा झाला असेल. तुझ्यासाठी नाही आणला, निदान तुझ्या मागं तरी. किती सोयीचा पश्चात्ताप बघ. फटफटी मोरीशी लावून मी चालत गेलो.

जमनी दारात ज्वारी पाखडत होती. केस पांढरे झालेत. माझ्या मागं रस्त्याकडे बघत म्हणाली, "याडी नाही आली?"

मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, ओढणी तोंडावर घेतली आणि सूर लावून रडायला लागली. तेरा दिवसांत आपल्या घरात तुझ्यासाठी असं कोणी रडलं नव्हतं, मीही नाही. ती थांबल्यावर मी म्हटलं, "मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही."

"काय नाही सांगितलं?"

"कुत्रं इथं आहे ते."

तिनं तोंडावरची ओढणी सारली. "सायेब, याडीले तं पयल्या महिन्यातच मालूम होतं."

ज्या रविवारी मी ॲक्सिलरेटर पिळला, त्यानंतरच्या गुरुवारी मी कचेरीत असताना तू एस.टी.नं आलीस. मोरीशी उतरलीस आणि आवाजाच्या रोखानं टेकाड चढून गेलीस. जमनी सांगत होती, "कुत्रं पागल झालं, सायेब. लोळे काय, रडे काय. मी तं याडीच्या पाया पडली. म्हणलं, सायेब थावऱ्याले कामावरून काढतीन. घेऊन जा तुमचं कुत्रं, पण सायबाले सांगू नका." तू तासभर त्याला मांडीवर घेऊन बसलीस म्हणे. मग उठलीस. म्हणालीस, "मी नाही नेत. ज्यानं आणून ठेवलं थ्यानंच नेलं पाह्यजे. त्याइनं तोंडानं म्हणलं पाह्यजे, की मी ठेवला. तवर राहू दे."

तेव्हापासून दर महिन्याला एक गुरुवार. दशमी, गुळाचा खडा, एकदा थंडीचं म्हणून माझ्या जुन्या स्वेटरचं शिवलेलं झबलं. तो स्वेटर मी किती दिवस शोधत होतो.

"पण रविवारी तुम्ही त्याला बांधायचे ना?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणलं होतं ना, सायेब. याडीले मी इचारलं, रविवारी काय करू? याडी म्हणे, बांधायचं तं बांध. पण तोंड बांधू नको. भुंकू दे. ऐकू येऊ दे त्याइले."

थंडीतल्या एका गुरुवारी तो तुझ्या मांडीवरच गेला. बोरीच्या झाडाखाली त्याला पुरलं. जमनीनं मला तिथं नेलं. वर दगड आडवा ठेवलेला, चुना लावलेला, काळ्या रंगात १७ आकडा अजून स्वच्छ. मी उपटून फेकायला सांगितलेला दगड तू थावऱ्याकडून आधीच मागून ठेवला होतास. दर दिवाळीला त्याला चुना लावायची ताकीद होती.

आता मला रागावू दे, इंदू. माझं पाप माझं, त्यात मी तुला वाटेकरी करत नाही. पण तूसुद्धा कमी नव्हतीस. एकदा, एकदाच तोंडावर म्हणायचं होतंस, की चोरा, मला माहीत आहे. मी कोसळलो असतो, पण नंतर उठलोही असतो. तू मला तीनशे रविवार मोरीवर उभं केलंस, मी खरं बोलतो की नाही हे बघत. इतकी वाट कोणी कोणाची बघतं का? बोलता येत नाही अशा माणसाशी लग्न झालं होतं तुझं, हे तुला पहिल्या वर्षीच कळलं होतं ना?

आणि लगेच वाटतं, तू माझं नाव कोणाजवळ घेतलं नाहीस. माहेरी नाही, आळीत नाही. थावऱ्याची नोकरी जाऊ दिली नाहीस. कुत्र्याला उपाशी ठेवलं नाहीस, मलाही नाही. गुरुवारी तांड्यावरून येऊन संध्याकाळी मला गरम भाकर वाढलीस. मी तुला काय दिलं? गिट्टीचे ढीग.

मी मोरीशी परत आलो. ऊन कलत होतं. किक मारली. पहिल्याच किकेला गाडी चालू झाली. नेहमीच व्हायची, इंदू. त्या गाडीची किक कधीच अडली नाही.

मी इंजिन बंद केलं. तू सांगायचीस तसं, ऐकण्यासाठी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मोरीच्या डाव्या अंगाला, तू उभी राहायचीस तिथं उभा राहिलो आणि तांड्याकडे कान दिला. वारा तिकडूनच होता. मोहाची पानं हलत होती. त्यापलीकडे काही नाही.

मग मी मोठ्यानं म्हटलं, "इंदू, मीच ठेवला होता." माझाच आवाज मला परका वाटला. मागं बैलगाडी येऊन थांबलेली मला कळली नव्हती. गाडीवानानं कासरा ओढला आणि विचारलं, "काही म्हणून राह्यले का, सायेब?"

मी मान हलवली. "नाही," म्हटलं. "काही नाही."